हक्कसोडपत्र आणि गेल ऑम्व्हेट : नवी मुंबईतल्या एका घराचं प्रकरण

प्रकरण साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेल्या, एका प्लॉटचं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला असलेल्या गावातलं आगरी कुटुंब. वडील वारलेले, आई हयात, दोन मुलगे, दोन मुली. मुलींची लग्नं होऊन त्या बाहेर गेलेल्या. प्लॉटवर इमारत बांधायला बिल्डर तयार झाला, कागद साफ करून मागू लागला आणि भावांनी धाकट्या बहिणीला हक्कसोडपत्रावर, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याच्या दस्तावर, सही करायला बोलावलं. अशी बोलावणी या पट्ट्यात नेहमीची. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या बहिणीच्या मुलीमुळे. ती ठाण्यात आमच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्याच महिन्यांत समाजशास्त्रज्ञ आणि चळवळीतल्या कार्यकर्त्या गेल ऑम्व्हेट यांच्या जीवनकार्यावर प्रकल्प करत होती. मार्गदर्शक मी. एकीकडे प्रकल्पाची वही, दुसरीकडे मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दस्ताचा मसुदा, असं दोन्ही घेऊन ती एक दिवस स्टाफरूममध्ये आली.

ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. माणसं नात्यानंच ओळखायची आणि नाती विद्यार्थिनीच्या बाजूनं : आई, आजी, मावशी, मोठे मामा, धाकटे मामा, मामी.

पहिला मसुदा

तिचा पहिला मसुदा शोकसभेत वाचून दाखवण्याजोगा होता. जन्म २ ऑगस्ट १९४१, मिनिआपोलिस, अमेरिका. कार्लटन कॉलेजात शिक्षण. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी. १९७३ साली. भारत पाटणकरांशी लग्न आणि सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या कासेगावात संसार. १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व. २५ ऑगस्ट २०२१ला कासेगावातच निधन. मग ग्रंथांची यादी आणि शेवटी ‘त्यांचे कार्य प्रेरणादायी आहे’. सनावळी बरोबर होती, पण तीत बाई कुठे दिसत नव्हती.

मी तिला एवढंच विचारलं, की अमेरिकेत पीएच.डी. मिळवलेल्या बाईला कासेगावात राहून असं काय दिसलं, जे बर्कलेत बसून दिसलं नसतं?

याचं उत्तर शोधायचं तर आधी प्रबंधाकडे जावं लागतं. विषय होता पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, काळ १८७३ ते १९३०. म्हणजे सुरुवात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तिथून. स्वातंत्र्यलढा हाच मुख्य प्रवाह, ब्राह्मणेतर चळवळ म्हणजे इंग्रजधार्जिण्यांची आडवाट, असं मानण्याचा प्रघात तेव्हा अभ्यासकांमध्येही होता. गेल यांनी मराठी साधनं वाचून सांगितलं, की हे वसाहतीच्या काळातलं सांस्कृतिक बंड होतं आणि शेतकरी-कारागीर जातींनी ते स्वतःच्या भाषेत उभं केलं. १९७६ मध्ये प्रबंध पुस्तकरूपानं आला. त्यानंतर फुल्यांकडे पाहण्याची अभ्यासकांची नजर बदलत गेली, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. एका परदेशी मुलीनं हे आधी सांगावं, याचं मराठी विद्यापीठांना वाईट वाटायला हवं होतं. फारसं वाटलेलं दिसलं नाही.

दुसरी गोष्ट घरातली. त्यांच्या सासूबाई म्हणजे इंदुताई पाटणकर. इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारात उतरलेल्या कार्यकर्त्या. सासरे बाबूजी पाटणकर त्याच लढ्यातले, १९५२ मध्ये त्यांचा खून झाला. इंदुताईंनी मुलगा वाढवला, शाळेत नोकरी केली आणि चळवळही चालू ठेवली. नवरा भारत पाटणकर वैद्यकीय शिक्षण घेऊन पूर्णवेळ कार्यकर्ता झालेला, श्रमिक मुक्ती दलाचा. अशा घरात समाजशास्त्रज्ञ सून राहिली, तिथलंच खरकटं काढलं, तिथल्याच मोर्चात चालली. सून सासूकडून काय शिकली याचा वेगळा ग्रंथ कोणी लिहिलेला नाही, पण दक्षिण महाराष्ट्रात परित्यक्तांचा, म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा प्रश्न स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं १९८०च्या दशकात हाती घेतला, त्यात इंदुताई पुढे होत्या आणि गेल बरोबर होत्या. मागण्या साध्या वाटाव्यात अशा. स्वतःच्या नावानं रेशनकार्ड. राहायला जागा. कसायला जमीन. टाकलेल्या बाईला नांदायला परत पाठवा, अशी मागणी त्यांत नव्हती. ‘मला माझं म्हणून काहीतरी द्या’ ही होती. ही जागा मी विद्यार्थिनीला वहीत चौकट करून ठेवायला सांगितली. पुढे कामाला आली.

तिसरी गोष्ट भटकंतीची. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या सुमाराला गेल महाराष्ट्रभर फिरल्या. शेतमजूर बायका, शहाद्याकडच्या आदिवासी बायका, शहरातल्या कामगार आणि दलित बायका यांच्याशी बोलल्या आणि त्यातून १९८० साली ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’ हे पुस्तक झालं. त्याचा घाट प्रबंधाचा नाही. बायका बोलतात, भांडतात, गाणी म्हणतात आणि लेखिका मधूनमधून स्वतःचं मत सांगते. समाजशास्त्रात याला पद्धत म्हणतात. पण पद्धत म्हणून ती शिकवायला गेलं की मुलं प्रश्नावली छापून आणतात.

नोकरीच्या बाजूनं पाहिलं तर हे करियर अडखळत गेलेलं आहे. पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासन, भुवनेश्वरच्या संस्थेत प्राध्यापकी, सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेत काही काळ, परदेशात पाहुण्या म्हणून. एका जागी पेन्शनीपर्यंत बसल्या नाहीत. आमच्या व्यवसायात बायोडेटा असा असला, की मुलाखतीत ‘सलग अनुभव नाही’ असा शेरा पडतो.

आणि त्या सगळ्यांना सोयीच्याही नव्हत्या. डाव्या मित्रांना त्यांनी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला दिलेला पाठिंबा खटकला. पर्यावरणवाद्यांना १९९९ मध्ये त्यांनी अरुंधती रॉय यांना लिहिलेलं खुलं पत्र खटकलं. धरणाच्या विरोधात बोलताना दुष्काळी शेतकऱ्याला पाणी कुठून मिळणार हेही सांगा, असा त्यांचा रोख होता. धरण असावं की नसावं यापेक्षा पाणी कोणाला किती मिळणार, भूमिहीनाला त्यात वाटा आहे का, हे श्रमिक मुक्ती दल विचारत होतं. विकास नको असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी वाटा मागितला. नवी मुंबईत वाढलेल्या माझ्या विद्यार्थिनीला हे मला वेगळं समजावावं लागलं नाही. तिच्या आजोळचा सगळा इतिहास तोच आहे.

साडेबारा टक्के

बाहेरच्या वाचकासाठी थोडं थांबावं लागेल. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० मध्ये स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातखाचरं, खाजण, खाडीकाठ. मोबदला तुटपुंजा. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात जासईजवळच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण हुतात्मा झाले. त्या रेट्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. प्रत्यक्षात त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी ३० टक्के कापून घेतात, हातात पडतात पावणेनऊ. एक एकर म्हणजे ४० गुंठे गेली असेल तर ५ गुंठे मंजूर आणि साडेतीन गुंठे ताब्यात.

पण त्या साडेतीन गुंठ्यांवर आज इमारत उभी राहते. शेतकऱ्याकडे बांधायला पैसा नसतो, म्हणून बिल्डर येतो आणि सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार होतो. कोणी भूखंडाच्या हक्काची फाइलच विकून टाकतं. मूळ खातेदार वारलेला असेल तर कोर्टातून वारस दाखला आणावा लागतो. त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं येतातच, म्हणून त्यांच्या सह्या लागतात. वर्षानुवर्षं ज्यांना कोणी विचारलं नाही, त्या बहिणी अशा रीतीनं एका कागदासाठी अचानक महत्त्वाच्या होतात.

या घरात जमीन १९७०च्या दशकात गेली. भूखंड आजोबांच्या नावावर मंजूर झाला आणि २००१ मध्ये आजोबा गेले. भावंडांत वाद नव्हता, फक्त पैशाअभावी प्लॉट पडून होता. मावशीनं २०११ मध्येच हक्कसोडपत्र करून दिलेलं. साडी-चोळी घेतली, नोंदणी झाली, विषय संपला. राहिली होती आई.

मोठ्या मामांनी फोनवर जे सांगितलं त्यात दरडावणी नव्हती. “बाय, तू सही दे, तुला आमी कई कमी पडू देनार नाय.” आणि हे खोटं नव्हतं. आईच्या बाळंतपणात, नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा, कळव्यातली खोली घेताना, भाऊ उभे राहिलेले. सही देऊन टाकायची असं आईनं मनात ठरवलंही होतं. “मना प्लॉट नको, मना माहेर पायजे,” एवढंच ती म्हणाली.

मुलगी पेटलेली. एका बाजूला वहीत परित्यक्तांच्या मागण्या लिहिलेल्या, दुसऱ्या बाजूला स्वतःची आई सही द्यायला निघालेली.

कायदा काय म्हणत होता

कायद्याची बाजू इथे आईच्या बाजूनं स्वच्छ आहे, पण तिथपर्यंतचा रस्ता वेडावाकडा आहे. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलात मुलीला वारसा देण्याची तरतूद होती. ते बिल रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत हे एक. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला हक्क दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगा जन्मानं हिस्सेदार आणि मुलगी नाही, हे तसंच राहिलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलीलाही जन्मानं हिस्सेदार केलं, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आईचं लग्न १९९३चं. म्हणजे एका वर्षानं हुकलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट उडवली. मग वाद निघाला, की वडील त्याआधीच वारले असतील तर काय? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की हक्क जन्मानं आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या सुरक्षित. या घरात वाटणी झालेलीच नव्हती. आजी आणि चार भावंडं मिळून पाच वाटे होतात आणि पाचातला एक आईचा.

विद्यार्थिनीनं हे सगळं तक्त्यात मांडून आणलं आणि विचारलं, “मॅडम, नोटीस पाठवू या का?”

मी नको म्हटलं. त्यामागे भीती नव्हती. ज्या बाईचा हक्क आहे ती अजून काही बोललीच नव्हती. तिच्या वतीनं मुलगी बोलत होती आणि मुलीच्या वतीनं मी. गेल यांच्या कामातून घेण्यासारखी एक गोष्ट असेल तर ती ही, की बाईला हक्क सांगण्याआधी तिला तिचं काम विचारा. म्हणून प्रकल्पाचा दुसरा भाग मी बदलला. आईची मुलाखत घे, पण प्लॉटवर एकही प्रश्न विचारू नकोस. लहानपणी काय काम करायचीस, कुठे, कोणाबरोबर, पैसे कोणाच्या हातात जायचे, एवढंच.

आईची मुलाखत

मुलाखत स्वयंपाकघरात, तुकड्यातुकड्यांनी झाली आणि वहीत ती अठरा-वीस पानं भरली. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात चांगला भाग हाच.

आईच्या आठवणीत जमीन गेली तरी शेती लगेच संपली नाही. संपादन कागदावर झालं, पण कुंपण पडेपर्यंत लोक पुढची काही वर्षं खाचरं लावत राहिले. पावसाळ्यात आवणीला घरातल्या सगळ्या बायका. भल्या पहाटे पेज पिऊन निघायचं, राब खणायचा, मुठी बांधायच्या, दिवसभर चिखलात वाकून लावायचं. आवणीचं काम पुरुषांनी केलेलं तिला आठवत नाही. नांगर त्यांचा, आवणी बायकांची. आवणी नसेल तेव्हा आजी ओहोटीला खाडीत उतरायची, चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी जे मिळेल ते पाटीत घालून ठाण्याच्या बाजारात नेऊन विकायची. त्या पैशावर आठवड्याचं मीठमिरची आणि मुलांच्या वह्या चालायच्या. मोठ्या मामांची फी त्याच पाटीतून गेली, हे मामांनाही माहीत होतं.

जमीन गेली तेव्हा मोबदला खातेदाराला मिळाला, म्हणजे पुरुषाला. नोकरी कंपनीत लागली तीही पुरुषाला. खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी कमी झाली, खाचरांवर भराव पडला, आणि बाईचं काम गेलं त्याची कुठे नोंदच झाली नाही, कारण ती कुठल्याच कागदावर शेतकरी नव्हती. संपादनाच्या कागदात तिची जागा सही करणाऱ्याची बायको एवढीच. आजी नंतर सेक्टरांत धुणीभांडी करायला जाऊ लागली. ज्या जमिनीवर तिनं भात लावलं, त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतींत.

आजी जासईला गेली होती, हेही या मुलाखतीत निघालं. नातीला हे पहिल्यांदाच कळलं. गावातल्या बायका टेम्पोनं गेल्या होत्या, भाकऱ्या बांधून. साडेबारा टक्क्यांचा इतिहास सांगताना पुढाऱ्यांची नावं येतात, टेम्पोत बसलेल्या बायका येत नाहीत. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांबद्दल जे काम केलं ते यासाठी वाचायला हवं. बाईची आठवण हा कच्चा माल नसतो, तोच पुरावा असतो.

आणखी एक गोष्ट आली, तिनं विद्यार्थिनी हरखली. आईची एक चुलत आजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत विधी लावणारी बाई. ब्राह्मण भटजीशिवाय लग्न लावण्यासाठी सत्यशोधकांना कोर्टापर्यंत जावं लागलं आणि इथे गावातली बाईच पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लावते आहे. गेल यांच्या प्रबंधाला जोडून तिनं यावर दोन पानं लिहिली. ती पानं मला आवडली. तरी समासात मी एक ओळ लिहिली : या धवलारणीच्या नावावर सातबारा होता का? नव्हता. मान होता, वाटा नव्हता. आपल्याकडे पहिला दिला की दुसरा मागायचा नसतो, अशी एक अलिखित तडजोड असते.

मुलाखत संपल्यावर आईनं आपण होऊन विचारलं, “मग माझी सही नाय दिली तं काय होतं?” तोवर तिला हा प्रश्न कोणी विचारूच दिला नव्हता, ना भावांनी, ना लेकीनं.

मामींचं म्हणणं

आई सही लगेच देत नाही म्हटल्यावर माहेरी तणाव सुरू झाला. धाकटे मामा बोलेनासे झाले. मोठ्यांनी भाचीला दोष दिला, कॉलेजात हेच शिकवतात का, असं. यात नवल काही नाही आणि लांबवण्यासारखंही नाही.

नवल मामींनी केलं. त्या एकदा कळव्याला आल्या आणि आईला म्हणाल्या, “वन्सं, मीपण माझ्या माहेरी सही दिली. तेव्हा मना कोनी विचारला नाय. आता तुमचा वाटा दिला तं माझ्या पोरांचा कमी झाला. माझ्या माहेरचा आला का मना?”

विद्यार्थिनीला हे निव्वळ स्वार्थी वाटलं. मला हे या प्रकरणातलं सर्वांत नेमकं समाजशास्त्र वाटतं. एकट्या घरानं मुलीचा वाटा दिला तर त्या घराचं नुकसान होतं, कारण त्या घरात आलेल्या सुना रिकाम्या हातानं आलेल्या असतात. प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखवून गप्प बसतं. वहिनीनं सोडलेल्या हक्काची भरपाई नणंदेच्या हक्कातून होते आणि दोघी एकमेकींवर धुसफुसतात. भावांना भांडायची गरजच पडत नाही.

पण हेच गणित सगळ्या समाजाचं मांडून पाहिलं तर उलटं निघतं. लग्नं जातीतच होतात, बरीचशी याच ९५ गावांच्या टापूत. एका घरातून लेकीबरोबर जे जाईल ते सुनेबरोबर दुसऱ्या घरातून येईल. समाज म्हणून कोणाचं काही बाहेर जात नाही. जमिनीचे तुकडे पडतात ही जुनी तक्रारही इथे लागू नाही, कारण तुकडे पडायला शेत उरलेलं नाही. उरलेत ते फ्लॅट, आणि फ्लॅट मोजून वाटता येतात. अडचण एवढीच, की पहिल्यानं कोणी द्यायचं.

इथे लक्ष्मीमुक्तीची आठवण होणं अपरिहार्य होतं. १९८६च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं प्रचंड अधिवेशन झालं आणि त्यात स्त्रियांच्या मालमत्ता हक्काची चर्चा झाली. पुढे १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेनं मोहीम काढली : शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा, आणि ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. गेल यांनी या कामाकडे गांभीर्यानं पाहिलं, त्यावर लिहिलं. शहरी स्त्रीवादी वर्तुळात नाकं मुरडली गेली, की हे नवऱ्यानं दिलेलं दान झालं, हक्क कुठे आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरीही शंभर घरांची अट मला महत्त्वाची वाटते. मामी जे म्हणत होत्या त्यावरचा तो तोडगा आहे. सगळ्यांनी एकदम दिलं तर मूर्ख कोणीच ठरत नाही.

मात्र लक्ष्मीमुक्तीत जमीन सासरच्या घरातच राहते, नवऱ्याकडून बायकोकडे. पुरुष तयार झाले त्याचं हे एक कारण असणार. लेकीचा वाटा घराबाहेर जातो, म्हणून तिथे मोहीम उभी राहत नाही. साडेबारा टक्क्यांसाठी अख्खा टापू एक झाला, पाच जीव गेले. ते मिळाल्यावर घरातली वाटणी मात्र प्रत्येक बहिणीनं एकटीनं सोडवायची खासगी बाब झाली. प्रकल्पग्रस्तांच्या एखाद्या सभेत ‘बहिणींचा वाटा’ हा ठराव आल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. विद्यार्थिनीनं प्रकल्पात हे वाक्य जरा सौम्य करून घेतलं. तिला त्याच गावात जायचं असतं.

आजीनं काय केलं

कोंडी फुटली ती आजीमुळे. हा भाग मी विद्यार्थिनीकडून ऐकलेला आहे, पाहिलेला नाही.

बिल्डरच्या माणसानं कागद वाचून दाखवायला सगळ्यांना घरी बोलावलं. वारसांत आजीचं नाव पहिलं, तेव्हा अंगठा पहिला तिचा. ती म्हणाली, धाकटीचं नाव नाही तोवर माझा अंगठा नाही. कारण वगैरे दिलं नाही. मोठे मामा म्हणाले, आई, तुला कोणी शिकवलं? त्यावर तिनं विचारलं, जासईला जायला मना कोनी शिकवलेला?

यात नाट्य असेल, पण मला त्यातली यंत्रणा जास्त महत्त्वाची वाटते. आईनं वाटा मागितला तर तिचं माहेर तुटतं. मामींनी बाजू घेतली तर त्यांचं सासर दुखावतं. मावशीची सही होऊन गेलेली. घरात अशी एकच बाई होती जिला गमवायला माहेर उरलं नव्हतं आणि जिच्या अंगठ्याशिवाय करार अडत होता. कायद्यानं आजीला पाचवा वाटा दिला होता, तो तिनं स्वतःसाठी वापरला नाही. दुसरीसाठी अडवणूक करायला वापरला. २००१ पासून ती त्या प्लॉटची हिस्सेदार होती आणि तिलाही कोणी विचारलेलं नव्हतं, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही विद्यार्थिनीच्या तक्त्यात आजीच्या नावापुढे फक्त ‘विधवा’ असं होतं.

पुढचे महिने बोलणी झाली. गावातल्या दोन जाणत्या माणसांना मध्ये घातलं, वकिलाकडून मसुदा फक्त तपासून घेतला. शेवटी आईचं नाव करारात आलं आणि भूखंडधारकांच्या वाट्याला येणाऱ्या फ्लॅटपैकी एक वन रूम किचन तिच्या एकटीच्या नावे लिहिला गेला. बाकीच्यावर तिनं हक्क सोडला. पाचव्या हिश्श्याचा हिशेब केला तर हे कमीच आहे.

विद्यार्थिनी निराश झाली. “मॅडम, हे तर त्यांनी दिलं म्हणून मिळालं.” लक्ष्मीमुक्तीवरचा आक्षेपच तिनं नकळत उच्चारला. मला तिचं पूर्ण पटत नाही. सही अडल्याशिवाय कोणी काही देत नव्हतं, म्हणजे हे दान नक्कीच नव्हतं. पण पूर्ण हक्कही नव्हता. कोर्टात गेली असती तर कदाचित पूर्ण पाचवा मिळाला असता, दहा-पंधरा वर्षांनी, आणि तोवर इमारत कोणाच्याच नशिबी नसती. आईला विचाराल तर ती या वादात पडत नाही. तिला कळव्याच्या खोलीचा हप्ता फिटायचा आहे आणि नवा फ्लॅट भाड्यानं देऊन तो फेडायचा तिचा बेत आहे. भाडं तिच्या खात्यात येईल का, हे तिनं मात्र दोनदा विचारून घेतलं.

प्रकल्पाला गुण बरे मिळाले. परीक्षकांचा शेरा होता, की चरित्रनायिकेपेक्षा घरगुती तपशील जास्त झाले आहेत. गेल यांनी कासेगावात चार दशकं जे केलं ते नेमकं हेच होतं, असं मला लिहून पाठवायचं होतं. पाठवलं नाही.

आता स्थिती अशी आहे. इमारतीचं काम पायापर्यंत आलं आहे. धाकटे मामा भाऊबिजेला आले नाहीत, मोठे आले. मावशीचं २०११चं हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे. ते रद्द करायचं तर फसवणूक किंवा दबाव दाखवावा लागेल आणि असा दावा बाब कळल्यापासून तीन वर्षांत आणावा लागतो. वकिलानं तिला फारशी आशा दाखवली नाही. तिला त्या प्लॉटमधून काही मिळणार नाही आणि धाकट्या बहिणीशी तिचं बोलणं कमी झालं आहे. मामींनी भाचीकडून मोबाइलवर स्वतःच्या माहेरचा सातबारा काढून घेतला. त्यावर तीन भावांची नावं आहेत. सही दिली ती कुठल्या गटाची होती आणि कुठला राहिला आहे, हे त्या आता शोधतायत. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.